वसईच्या हेरिटेज बंगल्यात मुक्काम कसा करावा

लॉजच्या भिंतीचा गिलावा उडालेला दिसला तर भाडे कमी करून मागावे. बुटिक हॉटेलच्या भिंतीचा उडालेला दिसला तर फोटो काढावा. एवढा फरक पचला की बुकिंग करायला हरकत नाही.

चाकांची बॅग घेऊन संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चढू नये. वसईला उतरण्याचा हक्क प्रवाशाला कायद्याने आहे, विरारकरांनी तो अजून मान्य केलेला नाही. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला हॉटेलचे ‘कासा’ने सुरू होणारे नाव सांगण्यात अर्थ नाही. अमुक आळी, तमुक चर्चच्या मागे, एवढे सांगावे.

पोर्तुगीज अमदानीत वसईच्या कोटात राहण्याचा मान फक्त खानदानी हिडाल्गोंना होता म्हणतात. आता आधार कार्डाची झेरॉक्स पुरते.

खोलीत चार खांबांचा शिसवी पलंग असेल. त्याच्याकडे आदराने पाहावे. आजीच्या पश्चात घरच्यांनीच तो गोठ्यात टाकून लोखंडी कपाट आणि बॉक्सबेड आणला होता. नातवाने तो पॉलिश करून तुमच्यासाठी परत आत घेतला. नातू स्वतः मागच्या स्लॅबच्या घरात एसी लावून झोपतो. याचा राग धरू नये. तुम्ही पैसे मोजून घेत आहात ते जुनेपण त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या फुकट भोगले आहे, डासांसकट.

खोलीत घंटा शोधू नये. वसईच्या घंटा 1739 साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यावर मराठ्यांनी नेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक मेणवलीला. तेव्हा चहा हवा असल्यास व्हरांड्यात येऊन ‘आंटी’ अशी हाक मारावी.

वाडीतल्या बावखलात सूर मारू नये. ते केळीला आणि पानवेलीला पाणी मिळावे, विहिरींना पाझर राहावा म्हणून खणलेले तळे आहे. अशी किती बावखले बिल्डरांनी बुजवली, हे जेवायला बसण्याआधी मालकाला विचारू नये. इंद्याल थंड होते. (जेवण झाल्यावर मात्र जरूर विचारावे. टॉवरच्या गर्दीत ही वाडी का उरली, हे त्याशिवाय कळणार नाही.)

किल्ल्यात सकाळी लवकर जावे, म्हणजे पडक्या चर्चच्या कमानीखाली प्री-वेडिंगवाली जोडपी पोचण्याआधी तुम्हाला उभे राहायला जागा मिळेल. उन्हे चढली की परतावे आणि सामान आवरायला घ्यावे. इथे निघण्याच्या वेळेत सवलतीची आशा करू नये, कारण वसईला या बाबतीत फार कडू अनुभव आहे. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इथेच तह करून इंग्रजांची सहा हजारांची पायदळ फौज मुक्कामाला ठेवून घेतली, आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाखांचा मुलूखही स्वतःच तोडून दिला. पाहुणे निघणार कधी, हे तहात कुठेच लिहिले नव्हते. सोळा वर्षांत पेशवाई गेली, पाहुणे तेवढे राहिले.

चेकआऊट अकराला. बारापर्यंत थांबलात तर अर्ध्या दिवसाचे भाडे पडेल.