दाजी, जरा लावू का?

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पॉवर बँक घ्यायला गेलं की आधी अंकगणित पदरात पडतं, वस्तू नंतर. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 20000 एमएएच. त्याच खोक्याच्या पाठीवर, मुंगीलाही चष्मा लागावा अशा अक्षरांत, ‘रेटेड कपॅसिटी’ साडेबारा हजारांच्या आसपास. मधले साडेसात हजार गेले कुठे, असं मी विचारलं. गिऱ्हाइकानं प्रश्न विचारावा हे त्या दुकानाच्या रीतीत बसत नव्हतं. तरी मालकांनी उत्तर दिलं.

“वीस हजार हे आतल्या सेलचे, 3.7 व्होल्टवर. बाहेर निघतात 5 व्होल्टनं. व्होल्ट चढले की एमएएच उतरणारच. थोडं गरम होण्यात जातं. पाच हजाराचा फोन अडीचदा, फार तर पावणेतीनदा भरेल. वॉट-अवर बघायचे, 74 आहेत. एमएएच जाहिरातीला असतात. घ्यायचीय का?”

बाहेर फुटपाथवर 50000 एमएएच चारशे रुपयांत मिळत होते. हातात घेतली तर कुरमुऱ्याच्या पुडीइतकी हलकी. लिथियमच्या सेलना वजन असतं. वीस हजारांची खरी बँक साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतेच. तिच्यावर बीआयएसची खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असावा लागतो. फुटपाथवालीवर ‘मेड विथ लव्ह’ लिहिलं होतं. मी गुपचूप दुकानात परतलो. मालकांनी “माहीत होतं” हे शब्द न उच्चारता ऐकवले.

एवढी तयारी सासरवाडीला जायची होती. सासरवाडी लोणी. पुणेकर लोणी म्हटलं की लोणी काळभोर समजतो आणि सोलापूर रस्त्याकडे बोट दाखवतो. आमचं लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला, धामणीच्या शेजारी. वाकडेवाडीहून एसटीनं राजगुरुनगर, तिथून पाबळमार्गे पुढं. विमानात 100 वॉट-अवरपर्यंतची बँक हातातल्या बॅगेतून नेता येते, सामानात टाकायची नाही, असा नियम आहे. एसटीत असलं काही नाही. तिथं हातातली बॅग आणि सामान हा फरकच नसतो, दोन्ही मांडीवर.

चाकणला वाहतूक थांबली. चाकणला ती थांबतेच; पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण हे गाव नसून मुक्काम आहे. गाडी थांबली की माणसं फोन काढतात, त्यामुळे चाकणात पेट्रोलपेक्षा बॅटऱ्या जास्त जळतात. शेजारच्या पाव्हण्यांनी माझी बँक हेरली. “दादा, जरा लावू का?” लावली. दोन्हीकडे सी-टाइप पिन. राजगुरुनगर यायच्या आत पाव्हणे अस्वस्थ झाले. “दादा, तीसवर होता, चोवीसवर आला. तुमची पेटी माझाच फोन पितीय!” खरंच पीत होती. दोन्ही टोकं सारखी असली की कोणी द्यायचं आणि कोणी घ्यायचं हे यंत्रं आपसांत ठरवतात, आणि काही जोड्यांत ते उलटं ठरतं. पिन काढून पुन्हा लावली, बँकेचं बटण दाबलं, तेव्हा व्यवहार सुलटा झाला. पाव्हण्यांनी मात्र उरलेल्या प्रवासात माझ्याकडे, सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवणाऱ्याकडे बघावं, तसं बघितलं.

पाबळला गाडी बदलली. मस्तानीची समाधी या गावात आहे आणि डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रमही. शाळेत न रमणारी पोरं तिथं वेल्डिंग, वायरिंग, शेती हातानं करत शिकतात. सी-टाइपचा गुंता त्यांनी मला पाच मिनिटांत समजावला असता. पण जीप भरली होती आणि अर्धा मी आधीच आत होतो.

लोणीत उतरलो तर लाईट नव्हती. वळवाचे दिवस, वारा सुटला की तारा एकमेकींना भेटतात. तालुक्याच्या पश्चिमेला डिंभ्याचं धरण, पाऊस धो धो. पूर्वेचा हा पट्टा मात्र टँकरची वाट बघणारा. मेहुण्यानं बॅग घेतली, पाणी दिलं आणि तिसऱ्या वाक्याला विचारलं, “दाजी, पावर बँक आणलीय म्हणं?” म्हणजे बायकोनं आधीच वार्ता पोचवली होती. घटकाभरात ओटीवर फोनच फोन. मेहुण्याचा, त्याच्या चुलतभावाचा, दूध घालायला आलेल्याचा, आणि एक असा की तो कोणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. तरीही तो भरला. बँकेला दोनच तोंडं, त्यामुळे पाळी लावावी लागली. पाण्याच्या पाळीची सवय असलेल्या गावात हे काम विनातक्रार झालं; शहरी सोसायटीत यासाठी विशेष सर्वसाधारण सभा लागली असती.

दोन फोन एकदम लावले की बँक फास्ट चार्जिंग सोडून साध्या चालीवर येते. खोक्यावरचे साडेबावीस वॉट एका वेळी एकालाच, तेही फोन आणि केबल त्या चालीच्या असतील तर. मेहुण्याची केबल यात्रेतल्या पालावरची. फोन भरत होता, पण पेरलेलं उगवावं अशा बेतानं.

आजेसासूबाईंचा बटणाचा फोन हा वेगळाच अध्याय. लावला की थोड्या वेळानं बँक आपोआप बंद. “जावईबापू, तुमची वीट झोपली बघा.” वीट झोपत होती कारण बटणाचा फोन इतका कमी करंट ओढतो, की कोणी जोडलेलंच नाही असं बँकेला वाटतं. काही बँकांत बटण दोनदा दाबून बारीक करंटची सोय चालू होते. मी ते समजावलं. आजी म्हणाल्या, “म्हणजे कमी खाणाऱ्याला ताट वाढत न्हाई. पंगतीत बी तसंच हाय.” 

जेवणं झाल्यावर मेहुणा उठला आणि बँक खिशात घालून निघाला. शेतीच्या फिडरला थ्री फेज लाईट आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हा आठवडा रात्रीचा. दारं धरायला जायचं तर हातात काठी, बॅटरी आणि खिशात मोठ्यानं वाजणारा मोबाईल, कारण जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो आणि माणूस येतोय हे त्याला आधी कळलेलं बरं. म्हणजे इथं मोबाईलचं चार्जिंग ही चैन नाही, अंगरक्षक आहे. माझ्या हौसेच्या वस्तूला पहिल्यांदाच इभ्रतीचं काम मिळालं.

गाणं कोणतं लावायचं यावर मात्र ओटीवर दुमत होतं. आप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, भजनाला कौल. चुलतभाऊ म्हणाला, डीजे. मेहुणा लावणीचा पक्षपाती. मी हळूच म्हणालो, इथून नारायणगाव जवळ, तमाशाची पंढरी. इथला बिबट्या लावणी ऐकून पळण्याऐवजी पुढं येऊन बसला तर? यावर गंभीर चर्चा झाली आणि भजन ठरलं. जिल्ह्यात मोबाईल बंद पडल्यानं आनंद होईल असं ठिकाण मला एकच माहीत आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महादुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातली कुजबुज ऐकतात, त्यांना मोबाईलचा गोंगाट सोसत नाही. मेहुण्याला तो सोसतो. त्यावर त्याची रात्र निघते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या यात्रेत बैलगाड्याच्या घाटावर गेलो. मे 2014 मध्ये शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या सात वर्षांत बैल तेच राहिले असतील, प्रेक्षक बदलला. पूर्वी गाडा सुटला की टोप्या उडायच्या. आता सगळे हात मोबाईल धरून वर. बारी काही सेकंदांची, चित्रण सकाळपासून. गाडा निशाणापाशी पोचेपर्यंत निम्म्या लोकांची बॅटरी पाच टक्क्यांवर, आणि लाऊडस्पीकरवरच्या निवेदकाच्या वरताण आवाजात माझ्या कानाशी, “दाजी, जरा लावू का?” मी इथं कोणाचा दाजी नव्हतो. नातं बँकेमुळे जुळलं.

बँक कोणीतरी जीपच्या बॉनेटवर, भर उन्हात ठेवली होती. मी धावत जाऊन ती लिंबाखाली नेली. लिथियमच्या सेलचा खरा वैरी उष्णता. घरी कपाटात मेहुण्याची जुनी बँक सापडली, तीही उन्हातल्या डॅशबोर्डवर वाढलेली. पोट पुरीसारखं फुगलेलं. आप्पा खिळा आणायला निघाले, “हवा काढू.” त्यांना मी अक्षरशः आडवा झालो. फुगलेल्या सेलला टोचलं की आग. असली बँक चार्जही करायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. आप्पांनी ती गोठ्यापासून लांब, बादलीत वाळूवर ठेवली आणि तिच्यावर नजर ठेवायला नातवाला बसवलं. नातू मोबाईल बघत बसला.

निघताना माझी बँक मेहुण्याकडंच राहिली, हे सांगायला नकोच. आप्पा म्हणाले, “पुढल्या येळी उन्हावरची आणा. सोलरची मिळती म्हणं.”

मी सांगितलं, मिळते. पण वरचा पत्रा तळहाताएवढा, जेमतेम दीड वॉटचा. ही 74 वॉट-अवरची बँक त्यावर भरायची तर पन्नास तासांवर कडक ऊन हवं. आठवडाभर तरी लागेल.

आप्पांनी आभाळाकडं बघितलं, मग डीपीकडं.

“आठवडा? तवर आमची पाळी बदलून दिवसाची येती. मग तुमच्या पेटीला वायर लावून आमीच भरून देऊ की.”