रिसोर्स आयडी ३

डेटाबेसला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, असं म्हणणारा माणूस जुन्या पीएचपीच्या वाटेला कधी गेलेला नसावा.

आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर थकबाकीदारांची यादी लावायचं काम भाच्याकडे आलं. वेबसाइट पीएचपी ५ च्या जमान्यातली. पठ्ठ्यानं क्वेरी मारली, रिझल्ट एको केला. स्क्रीनवर उमटलं : रिसोर्स आयडी #३.

"मामा, हे कोण?"

तहसील कचेरीत सातबारा मागावा आणि हातात टोकन पडावं, तसलं हे. उतारे आत तयार असतात, पण खिडकीवर एका वेळी एकच मिळतो. ओळी संपल्या की आतून 'फॉल्स'. म्हणून तर व्हाइल लूप.

त्यात मायएसक्यूएल_फेच_ॲरे हे फंक्शन भलतंच उदार. प्रत्येक रकाना दोनदा देतं, एकदा क्रमांकानं, एकदा नावानं. भाच्यानं त्यावर फॉरईच फिरवलं, तर एकेकाची थकबाकी दोन-दोनदा दिसू लागली. (सेक्रेटरींना ती यादी फार आवडली.) त्याला फेच_असॉककडे वळवलं.

क्वेरीच फसली तर आणखी मजा. ती गुपचूप फॉल्स देऊन मोकळी होते. बोंब मारतं ते फेच : रिसोर्स हवा होता, बूलियन मिळालं! चोर अकराव्या ओळीत, आरडाओरडा बाराव्या. ही सगळी फंक्शनं २०१५ साली पीएचपी ७ मधून हद्दपार झाली. आता पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय वापरायचं, आणि ८.१ पासून मायएसक्यूएलआयही चूक झाली की जागच्या जागी एक्सेप्शन फेकतं. पण आमच्याकडे सर्व्हर बदलायचा तर जनरल बॉडीत ठराव लागतो.

शेवटी यादी आली. आकडे चोख, नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कनेक्शनचा कॅरेक्टर सेट लॅटिन१ राहिला होता, आणि त्याला देवनागरीचा गंध नाही. एका ओळीचं काम. पण भाचा ती ओळ टाकेपर्यंत यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलीसुद्धा.

तेवढ्यात कुणीतरी शोध लावला की वेलांटी असो, मात्रा असो की काना-मात्रा, प्रत्येक चिन्हाला वेगळं प्रश्नचिन्ह मिळतं. सगळ्यात वर चार होती. म्हणजे जोशी. नाहीतर मोरे. रात्रभर ग्रुप पेटलेला.

सकाळी जोशी आणि मोरे, दोघांनीही मेंटेनन्स भरून टाकला. दुपारी नावं नीट दिसू लागली. वरचं नाव शेटेंचं होतं.