निर्भेळ की मिश्र?

ई-पीक पाहणीचं ॲप राज्यभर सुरू झालं १५ ऑगस्ट २०२१ ला. महसूल खातं, कृषी खातं आणि टाटा ट्रस्ट असा तिघांचा संसार. घोषणा होती, ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’. यातला ‘मीच’ कोण, हे बघायचं असेल तर जालना-भोकरदन रस्त्यावरच्या एखाद्या फाट्यावर उतरा. झेरॉक्स, रिचार्ज आणि पासपोर्ट फोटो असा सगळा प्रपंच एका टेबलावर मांडून एक पोरगं बसलेलं असतं. तोच तो ‘मीच’.

परवा त्याच्याकडे एक तात्या आले.

“बापू, आंब्याच्या वावरातलं चढव. सरकी हाय, मधून तुरीचे तास हायेत.”

“गट नंबर सांगा, तात्या.”

“सांगितलं की लेका. आंब्याचं वावर.”

पोराने ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली. डाव्या बाजूला आंब्याचं, पांदीकडचं, म्हसोबाचं, खालचं. उजव्या बाजूला गट नंबर आणि खाते क्रमांक. आंबा वठून जमाना झाला, वावराचं नाव तेवढं हिरवं आहे. वहीत बोट फिरलं, गट सापडला.

पुढचा प्रश्न ॲपचा होता. पिकाचा वर्ग निवडा : निर्भेळ की मिश्र? आता निर्भेळ म्हणजे बिनभेसळीचं, हे तात्यांना कळतं. तुरीला ते भेसळ समजत नाहीत, एवढीच अडचण. सरकीत तूर घालणं म्हणजे दुधात पाणी घालणं नव्हे; सरकी हातची गेली तर निदान घरची डाळ तरी सुटेल, हा त्यातला हिशेब. पण तो हिशेब मांडायला स्क्रीनवर रकाना नाही. मोसंबीवाल्याची गंमत आणखी वेगळी. ‘फळबाग’ हा शब्द त्याला सापडतो तो ‘निर्भेळ’च्या पोटात शिरल्यावर. त्याच्या बागेत दोन झाडांच्या मधून सोयाबीन असेल तर तो दारातच अडखळतो. आणि ‘हंगाम निवडा’ म्हटलं की तो म्हणणार आंबे बहार नाहीतर मृग. त्याचं वर्ष बहाराने मोजलं जातं, महसुलाचं हंगामाने.

वापरणाऱ्याला आधी विचारा, मग पडदा रंगवा, असं ॲप घडवण्याचं शास्त्र सांगतं. आपल्याकडे विचारतातही. सभागृहात प्रोजेक्टर, खुर्च्या, पहिल्या रांगेत सरपंच. शेवटी साहेब विचारतात, “समजलं ना सगळ्यांना?” साहेबांसमोर ‘नाही समजलं’ म्हणणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. शेरा पडतो : प्रतिसाद उत्तम.

गावाला सरकारी रचना झेपत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. महसुलाचे गाव नमुने १ ते २१. त्यातला सातवा मालकीचा, बारावा पिकांचा. लोकांनी दोन्ही आकडे जोडून ‘सातबारा’ असं नाव पाडलं आणि ते भांडणात, लग्नाच्या बोलणीत, बँकेच्या दारात, सगळीकडे चालवलं. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी नातवाला ‘येताना आठ-अ घेऊन ये’ असं बजावते. रोजच्या कामात ज्याचा उपयोग पडतो, त्याचा नुसता आकडासुद्धा माणूस तोंडपाठ करतो. ‘निर्भेळ’ कुणी पाठ केलेला मला तरी भेटलेला नाही.

ॲपमध्ये एक गोष्ट मात्र नेमकी आहे. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते. ज्याने कुणी ही सोय ठेवली, तो एकदा तरी अशा फाट्यावर चहा प्यायलेला असणार. बाकीच्यांना शेतकरी म्हणजे जाहिरातीतला दिसतो : पांढरा फेटा, हातात मोबाइल, मागे हिरवंगार. फोन पुतण्याचा, रिचार्ज संपलेलं आणि काच तडकलेली, हे त्या चित्रात मावत नाही.

आता पिकाचा फोटो शेताच्या ५० मीटरच्या आतूनच काढावा लागतो. घरबसल्या चढवण्याची पळवाट बंद झाली, बरं झालं. शेतकऱ्यांच्या हातून राहिलेलं नोंदवायला गावोगाव सहाय्यकही आले. तरी तात्यांना बापूच लागतो. दुकानाला अर्धं शटर ओढून त्याने तात्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. पेट्रोल तात्यांचं. ‘निर्भेळ की मिश्र’ याचा निकाल म्हणे वावरात गेल्यावर लागणार होता.

ते परतेपर्यंत मी थांबलो. वर्ग कोणता टाकलात, विचारलं. “तुरीचे तास मोजले तात्यांनी आधी,” एवढंच तो म्हणाला. म्हटलं, तुझी ती वही जरा बघायला देतोस का?

“घ्या की,” तो म्हणाला. “झेरॉक्स हवी तर दोन रुपये पान.”