लागलं तर?

काही माणसं गावाला जातात आणि काही माणसं गावाला जायची तयारी करतात. दुसऱ्या जातीच्या माणसाला गाव कुठलं, जाणार कोण, परतणार कधी, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. कोणीतरी कुठेतरी निघालेलं असलं की पुरे. चारधामला निघालेल्या शेजारच्या आजी असोत, नाहीतर पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला नागपूरला चाललेला भाचा असो. हा माणूस स्टूल ओढतो, माळ्यावरची बॅग खाली घेतो, फडक्याने पुसतो आणि मगच त्याचा चेहरा खुलतो. प्रत्येक सोसायटीत असा एकतरी असतोच. आमच्याकडे, कळव्यात खारेगावच्या बाजूला, आमच्याच मजल्यावर ते अण्णा आहेत.

अण्णांची नोकरी गेली कळवा कारशेडमध्ये. उभी हयात लोकलच्या डब्याखाली वाकून बघण्यात काढली. तपासल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही, हा तिथला नियम त्यांनी निवृत्तीच्या दिवशी नारळाबरोबर घरी आणला. आता घरातलं कोणीही उंबरा ओलांडायला लागलं की अण्णा आरामखुर्चीतून उठतात. "किल्ली? रुमाल? सुटे पैसे? छत्री?" डिसेंबरात छत्री कशाला, असं सूनबाईंनी एकदा विचारलं. त्यावर अण्णांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढला, "आणि लागली तर?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. दोरी कशाला? लागली तर? दोन चाकू कशाला? एक हरवला आणि लागला तर?

खरं म्हणजे यात एकट्या अण्णांना दोष देऊन चालणार नाही. कळव्याच्या पाण्यातच तो गुण आहे. जलद गाडी आमच्याकडे थांबत नाही. पूर्वी ती पारसिकच्या बोगद्यातून परस्पर निघून जायची. २०२२ साली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून आमच्या डोळ्यांदेखत निघून जाते, एवढीच काय ती प्रगती. धीम्या गाडीत बसायला जागा मिळावी म्हणून इथली माणसं पहाटे उलट्या दिशेने कारशेडकडे चालत जातात आणि तिथूनच गाडीत चढतात. ज्या गावात साधं ठाण्याला जायलाही डावपेच लागतात, तिथे अण्णा पिकायचेच.

त्यात अण्णांच्या पाठीशी २६ जुलै आहे. अशा प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक दिवस येऊन गेलेला असतो, आणि पुढचा सगळा जन्म तो त्या दिवसाच्या व्याजावर जगतो. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या, माणसं रुळांवरून चालत घरी आली. त्या रात्री आमच्या अख्ख्या जिन्यात उजेड होता तो अण्णांच्या मेणबत्त्यांचा, चहा होता तो अण्णांच्या वातीच्या स्टोव्हवरचा, आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचं सामान वर आलं ते अण्णांच्या दोरीने. तोपर्यंत त्यांना हसणारी मंडळी त्या रात्री त्यांच्याच दारात पेला घेऊन उभी होती. तेव्हापासून अण्णांशी वाद घालण्याचा नैतिक अधिकार आमच्यापैकी कोणालाच उरलेला नाही.

अशा माणसाच्या नातवाला शाळेकडून स्काऊटच्या उन्हाळी शिबिराचं पत्र आलं. आठवडाभराचं शिबिर, मे महिना, भोरची रामबाग. राज्याच्या स्काऊट-गाईड संस्थेचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. पत्र नातवाच्या हातात होतं तोवर ते सहलीचं आमंत्रण होतं. अण्णांनी चष्मा लावला आणि त्याची मोहीम झाली.

अण्णा स्वतः शाळेत असताना स्काऊट होते. त्यांच्या वेळचा गणवेश खाकी, नातवाचा करडा शर्ट आणि गडद निळी पँट. हा बदल त्यांनी अजून मनापासून स्वीकारलेला नाही. बेडन-पॉवेलसाहेबांबद्दल मात्र ते घरच्या माणसासारखं बोलतात. "१९०७ सालच्या ऑगस्टमध्ये साहेब वीसेक पोरं घेऊन ब्राउनसी बेटावर गेले. आठवडाभर तंबूत! सकाळी कुडू हरणाचं शिंग फुंकून पोरांना उठवायचे." हे सांगताना अण्णांच्या डोळ्यांसमोर बेट नसतं, पोरं नसतात. साहेबांनी सामान किती नेलं असेल, या विचारात ते हरवतात. 'तयार रहा' हे स्काऊटचं ब्रीद. साहेबांना त्यात तयार मन आणि तयार शरीर अभिप्रेत होतं. अण्णांनी त्यात तयार बॅग घातली.

शाळेतल्या स्काऊटच्या सरांनी एका पानाची यादी दिली होती: सतरंजी, चादर, ताट-वाटी-पेला, टॉर्च, दोरी, गणवेश, अंगावरचे कपडे, साबण, टूथब्रश. अण्णांनी ती दोनदा वाचली, "मोघम आहे," असा शेरा मारला आणि रात्री बसून पुरवणी यादी केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे, आडव्या-उभ्या रेघा मारून. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात नग, तिसऱ्यात 'कुठल्या कप्प्यात', चौथ्यात 'परत आली का'. त्यात सुई-दोरा, शर्टाची जादा बटणं, नाडी, नाडी घालायची सळई, सेफ्टी पिना, कासवछाप, ओडोमॉस, इलेक्ट्राल, सुंठ, ओवा, आयोडेक्स, कात्री, मेणकापड आणि आगपेटी. आगपेटी मेणकापडात गुंडाळून, कारण भिजली तर?

पत्रात शेवटी ठळक अक्षरात होतं : खाऊ आणू नये. अण्णांच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे काकूंनी, चकल्यांची पिशवी मुकाट्याने परत डब्यात रिकामी केली. अण्णा कायदा पाळणारे गृहस्थ. त्यांनी डिंकाचे लाडू आत घातले आणि यादीत त्यांच्यापुढे 'औषध' असं लिहिलं.

खरेदीला अण्णा जांभळी नाक्याला गेले. कळव्यात सगळं मिळतं, पण तयारीला निघालेल्या माणसाने खाडी ओलांडल्याशिवाय तयारी अंगाला लागत नाही. दोरीच्या दुकानात त्यांनी सुताची दोरी मागितली, नायलॉनची झिडकारली. "ही गुळगुळीत. हिच्यात गाठ धरत नाही." मग दुकानदाराचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना काउंटरवर रीफ नॉट बांधून दाखवली. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. "दोन्ही खेपेला उजवंच वर घेतलं तर होते ती ग्रॅनी नॉट. दिसते हिच्यासारखीच, पण ऐन वेळी दगा देते." दुकानदार हो हो म्हणाला. अण्णांनी त्याच्याकडून एकदा बांधून घेतली, मगच पैसे दिले.

गाठी हा त्यांच्या घरातला नाजूक विषय आहे. कपडे वाळत घालायची दोरी क्लोव्ह हिचने बांधलेली, पाण्याच्या पिंपाचं झाकण बोलाइनने जखडलेलं. रद्दीच्या गठ्ठ्याला तर अशी काही गाठ असते की रद्दीवाला तो गठ्ठा न सोडता तसाच वजन करून नेतो. कोथिंबिरीची जुडी सोडायला काकूंना कात्री घ्यावी लागते. "लग्नगाठ तेवढी ह्यांनी बांधली नाही," काकू म्हणतात, "ती भटजींनी बांधली, म्हणून जरा सैल आहे."

बॅग भरण्याचा समारंभ तीन संध्याकाळ चालला. नातवाला पाठीवरची सॅक हवी होती, अण्णांच्या मनात होल्डॉल होता. तहात सॅक ठरली, पण वळकटी वेगळी आणि ती अण्णांच्या पद्धतीने. प्रत्येक बनियनवर, मोज्यांच्या दोन्ही पायांवर, चड्डीच्या आतल्या पट्टीवर अण्णांनी मार्किंगच्या पेनाने नाव लिहिलं. साबणावरही लिहिणार होते, पण काकूंनी पेन काढून घेतलं. मग सॅक ताणकाट्याला अडकवून दाराच्या चौकटीला टांगली. काटा जिथे थांबला तो आकडा नातवाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास होता. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, काहीतरी कमी करू या का?" अण्णांनी सॅक पूर्ण रिकामी केली, एकेक वस्तू हातात घेऊन तिच्याकडे बघितलं, पुन्हा सगळी भरली आणि नेलकटर बाहेर काढलं. मग दोन मिनिटं विचार करून तेही आत टाकलं.

त्यानंतर रंगीत तालीम. दिवे बंद करून नातवाला हॉलमध्ये जमिनीवर झोपवलं. रात्री अडीचला अण्णांनी शिट्टी मारली आणि अंधारातूनच हुकूम सुटला, "मोजे!" नातू झोपेत चाचपडत म्हणाला, "डावा कप्पा, खालून दुसरं." "टॉर्च?" "उशाशी." "सेल?" "काढून ठेवलेत, उलटे." "का?" "आतल्या आत जळू नये म्हणून." अण्णांनी अंधारात समाधानाने मान हलवली असावी. शिट्टीने जागी झालेली समोरच्या ब्लॉकमधली मंडळी चोर समजून बाहेर आली, तेव्हा अण्णांनी त्यांनाही एकेक गुण दिला. दार उघडायला लागलेल्या वेळेवरून.

निघायच्या सकाळी शाळेच्या दारात बस उभी होती. बाकीच्या मुलांचे पालक 'नीट जा', 'पाणी पी', 'भांडू नकोस' असले किरकोळ उपदेश करत होते. अण्णा स्काऊटच्या सरांना स्कार्फची झोळी करून मोडलेला हात गळ्यात कसा बांधायचा ते दाखवत होते. सरांना ते येत होतं. ते शिकवण्याचाच त्यांना पगार होता. पण सर सभ्य होते, ऐकून घेत होते. बस सुटली. अण्णांनी हात हलवला आणि तेव्हा काकूंच्या लक्षात आलं, की त्या हातात नातवाचा स्कार्फ आहे. काकूंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. अण्णा जागचे हलले नाहीत. बॅगेत आणखी दोन होते.

पुढचा आठवडा अण्णांनी हवामानाच्या बातम्या बघत काढला. भोरच्या आकाशात ढग दिसला की "मेणकापड दिलंय" असं दूरदर्शनच्या निवेदिकेला सांगायचे. शिबिरात मुलांना फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती, हा नियम अण्णांना तत्त्व म्हणून पटत होता आणि दुपारी तीननंतर पटेनासा व्हायचा.

नातू आला तो काळाभोर होऊन, आवाज बसलेला, गुडघा फुटलेला आणि अतिशय आनंदात. त्याने विनाभांड्यांचा स्वयंपाक केला होता, काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजली होती, मागोव्याच्या खुणा बघत रान तुडवलं होतं आणि शेकोटीला नाटकात वाघ झाला होता. अण्णांनी हे सगळं एका कानाने ऐकलं आणि यादीचा चौथा रकाना उघडला. साबण जसा गेला तसा, वेष्टनासकट, परत. दोन कंगवे परत, न वापरलेले. लाडू पहिल्याच रात्री संपले होते. अख्ख्या तंबूला एकाच वेळी औषधाची गरज पडली होती. चादर दुसऱ्याच कोणाची तरी होती. दोरी नव्हती.

"दोरी?"

"सरांना दिली. झेंड्याची तुटली होती."

अण्णा थांबले. सुई-दोरा तीन तंबूंत फिरून आला होता. एकाला जुलाब झाले, त्याला इलेक्ट्राल यांचं. दुसऱ्याच्या पँटचं बटण तुटलं, तेही यांचंच. ज्याच्याकडे नाडी घालायची सळई असते तो माणूस शिबिरात आपोआप मोठा होतो, तसा आमचा नातू तिसऱ्या दिवशी संघनायक झाला होता. अण्णांनी चौथ्या रकान्यात दोरीपुढे 'कामी आली' असं लिहिलं. ते लिहिताना पेन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ कागदावर टेकलं, एवढंच.

आता अण्णांबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली. इतक्या लोकांना इतक्या ठिकाणी धाडणारा हा माणूस स्वतः कुठेही जात नाही. निवृत्तीच्या वर्षी काकूंना काश्मीर दाखवायचं ठरलं होतं. स्वेटर आले, थर्मास आला, कानटोप्या आल्या, याद्या झाल्या. तिकिटं तेवढी कधी काढलीच नाहीत, कारण तयारी पूर्ण व्हायची होती. "आमचं काश्मीर अजून माळ्यावर आहे," असं काकू पाहुण्यांना सांगतात आणि वर बोटही दाखवतात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि एका संध्याकाळी स्काऊटचे सर स्वतः घरी आले. गेलेली चादर आणि नवीकोरी सुती दोरी घेऊन. चहा झाला. सर म्हणाले, "अण्णा, पोरं सारखं विचारत होती, हे सामान कुणी दिलं म्हणून. पुढच्या मे महिन्यात तुम्हीच चला आमच्याबरोबर. भांडारघर तुमच्या ताब्यात देतो."

काकूंनी पदराला हात पुसले. सूनबाईंनी आतून डोकावून बघितलं. नातू तर उड्याच मारायला लागला. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"पुढच्या मे महिन्यात?" ते म्हणाले. "म्हणजे अकराच महिने राहिले की हो, सर. एवढ्यात कशी व्हायची तयारी?"