शेगडीखालचा वारा

इंडक्शन शेगडीत हलणारा भाग एकच, तो म्हणजे पंखा. बाकी सगळी मंडळी जागच्या जागी बसून काम करतात आणि बसून काम करणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे लवकर तापतात. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून जाणारी वीज सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलते आणि वर ठेवलेल्या लोखंडी बुडाच्या भांड्यात विजेचेच भोवरे उठवते. त्यामुळे भांडं स्वतःच तापतं, आणि काच तापते ती भांड्याच्या संगतीने. या खटाटोपात विजेचे शंभरातले दहा-पंधरा भाग मात्र भांड्यापर्यंत न पोचता शेगडीच्या पोटातच उष्णता होऊन राहतात. दिशा बदलण्याचं काम करणारा आयजीबीटी नावाचा नखाएवढा भाग सगळ्यात जास्त तापतो. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक लावलेला असतो आणि त्या पात्यांवर पंखा वारा घालतो. पंखा बुडाकडून गार हवा ओढतो आणि मागच्या फटींतून गरम हवा बाहेर टाकतो. त्याचं काम एवढंच.

पंखा थांबला की दोन-चार मिनिटांत आतला उष्णता जोखणारा थर्मिस्टर तापल्याची वर्दी देतो, शेगडी टी-टी करते आणि पडद्यावर ‘ई’ हे अक्षर व शेजारी एक आकडा उमटतो. त्या आकड्याचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो. तो माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि पुस्तिका फडताळात अंथरलेल्या कागदाखाली असते.

कागदाचं आणि या शेगडीचं नातं जुनं आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत फ्रिजिडेअर कंपनी शेगडी व भांडं यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी तापवून दाखवत असे. कागद जळत नाही हे पाहून लोक चकित होत. खानदेशातल्या पारोळ्यात कागद शेगडीच्या वर न ठेवता खाली घालतात, आणि इथूनच बिघाडांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू होतो. पंखा चालू झाला की अंथरलेलं पान वर ओढलं जातं आणि बुडाच्या जाळीला असं चिकटतं की जणू आतूनच कोणी वाचायला घेतलं आहे. पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, तेव्हा त्याभोवती खंदक सोडायला ते विसरले नाहीत. शेगडीच्या चार पायांनीही खाली बोटभर हवेचा खंदक सोडलेला असतो. तो कागदाने, मेणकापडाने किंवा ‘ओटा खराब होऊ नये’ म्हणून घातलेल्या जाड रुमालाने बुजवला की आतला शिपाई गुदमरतो.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. पंख्याचे बहुतेक बिघाड घरातल्या चांगल्या सवयींतून जन्मतात. स्वच्छतेतून मेणकापड येतं. टापटिपीतून क्रोशाचं झाकण येतं, आणि ते मागच्या फटींवर लोंबतं. काटकसरीचं प्रकरण तर सगळ्यात गंभीर. स्वयंपाक झाल्यावर शेगडी बंद केली तरी पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो, कारण पोटातली उष्णता अजून बाहेर पडायची असते. घरातल्या ज्येष्ठांच्या कानावर ती घरघर पडते. रिकाम्या शेगडीखाली फुकट पंखा चालू आहे हे त्यांना सहन होत नाही आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद होतं. त्या पंख्याची भूक दोन-चार वॅटची असते, म्हणजे या हिशेबाने वर्षभरात वाचलेल्या पैशांत एक काडेपेटीही यायची नाही. त्या बदल्यात रोज दोन वेळा आयजीबीटी स्वतःच्याच घामात उकडून निघतो.

खानदेशात या शेगडीवर सगळं होत नाही, हे तिचं भाग्य. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजावी लागतात, मांड्यांचं खापर मातीचं असल्यामुळे ते शेगडीला दिसतच नाही, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं तर ती नुसती टी-टी करते. तिच्या वाट्याला चहा, दूध, खिचडी आणि शेवभाजीची फोडणी येते. पण मे महिन्यात कुरडयांचा चीक शिजवायला घेतला की तिचीही परीक्षा होते. चीक रटरटत असतो, घाटणाऱ्या हाताला उसंत नसते, पातेलं तापलेलं असतं आणि बाहेर पारा ४५ अंशांकडे निघालेला असतो. पंखा हवा गार करत नाही, तो असलेली हवाच पुढे ढकलतो. ४५ अंशांची हवा आत गेली तर तिने तरी काय दिलासा द्यावा? अशा दुपारी पंखा ठणठणीत असूनही शेगडी थांबू शकते. तिला खिडकीजवळ, भिंतीपासून वीतभर पुढे आणि धगधगत्या गॅसपासून लांब ठेवणं हा पहिला उपाय. तो फुकट असल्यामुळे सगळ्यात शेवटी केला जातो.

त्यानंतर कानाने निदान करायचं असतं. सलग ‘घुंऽऽ’ म्हणजे तब्येत ठीक. ‘कर्रर्र’ म्हणजे पात्याला काहीतरी घासतंय. सुरुवातीला कण्हून मग सुरळीत होणारा आवाज म्हणजे आसाचं तेल वाळलं. अजिबात आवाज नाही आणि दोन मिनिटांनी ‘ई’ उमटला, म्हणजे पंखा जाम झाला किंवा त्याला वीजच मिळेना. दुरुस्तीवाल्याचा पहिला प्रश्न अहिराणीत आणि दोनच शब्दांचा असतो: “काय व्हयनं?”, म्हणजे काय झालं. यावर घरातून व्होल्टेजपासून ग्रहणापर्यंत सगळी कारणं सांगितली जातात. जाणता माणूस ती ऐकून घेतो, शेगडी उलटी करतो आणि जाळीवरून गेल्या महिन्यातलं राशिभविष्य सोलून काढतो.

एवढ्याने भागलं नाही तर शेगडी उघडावी लागते. प्लग काढला म्हणजे धोका संपला असं समजू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा साठा काही वेळ टिकून असू शकतो. म्हणून प्लग काढून अंमळ थांबावं, मीटर लावून साठा उतरल्याची खात्री करावी, आणि हे जमत नसेल तर स्क्रूड्रायव्हर ज्याला जमतं त्याच्या हाती द्यावा.

झाकण निघाल्यावर घराचा खरा इतिहास दिसतो. पात्यांवर फोडणीच्या वाफेचा चिकट थर, त्यावर काळ्या मसाल्याची पूड, त्यावर कापसाचा उडता तंतू, असे थर इतके नीट बसलेले असतात की कोणत्या थरात कोणती दिवाळी हेही सांगता यावं. हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटी बुजलेल्या असतात. कोपऱ्यात झुरळ असतं. त्याला उबेची जागा हवी असते आणि शेगडी ती पुरवते. पंख्याच्या पात्याखाली एखादं अडकलं तर दोघांचाही प्रवास तिथेच संपतो. हे सगळं कोरड्या ब्रशने झाडून काढावं. ओलं फडकं इथेही चांगल्याच सवयीतून येतं, त्याला बाहेर ठेवावं. मग पातं बोटाने फिरवून पाहावं. ते सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. अडखळलं तर मधला स्टिकर अलगद उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतात. एकच. खोबरेल घालणारे लोक आहेत, पण महिन्याभराने ते दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा दिसतात.

पातं मोकळं असूनही फिरत नसेल तर मीटर काढावा. बहुतेक घरगुती शेगड्यांतला पंखा १८ व्होल्ट डीसीवर चालतो, काहींतला १२ वर. त्याच्या दोन तारांच्या पिनेवर एवढा दाब येत असेल आणि पंखा ढिम्म असेल तर पंखा मेला, नवा बसवावा. दाबच येत नसेल तर पंख्याला हुकूम देणारा छोटा ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो. यात एक खुबी आहे. ज्या शेगड्यांत हेच १८ व्होल्ट आयजीबीटीलाही चालवतात, तिथे तो पुरवठा बंद पडला तर भांडं तापणारच नाही. भांडं तापतंय पण पंखा नाही, म्हणजे पुरवठा ठीक आहे आणि दोष पुढच्या दोन इंचांत आहे.

नवा पंखा जुन्याच व्होल्टचा आणि मापाचा घ्यावा. तो उलटा बसवणं हा घरगुती दुरुस्तीतला सर्वांत लोकप्रिय प्रकार. पंखा फिरतो, आवाज छान येतो, घरचे खूश होतात आणि शेगडी मात्र पूर्वीच्याच मिनिटाला बंद पडते, कारण आता तो मागच्या फटींतून हवा ओढून ओट्याला वारा घालत असतो. हवेची दिशा दाखवणारा बाण पुष्कळदा पंख्याच्या चौकटीच्या कडेला कोरलेला असतो. नसला तर पंखा काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

सगळं बंद करून शेगडी जागेवर ठेवली की देवघरातली एक उदबत्ती मागून आणावी. ती बुडाच्या फटीजवळ धरली तर धूर आत ओढला गेला पाहिजे आणि मागे धरली तर बाहेर ढकलला गेला पाहिजे. मग लोखंडी बुडाच्या पातेल्यात पाणी घालून दहा मिनिटं उकळू द्यावं. ‘ई’ उमटला नाही तर शेगडीच्या बटणाने शेगडी बंद करावी आणि पंखा आपण होऊन थांबेपर्यंत वाट पाहावी. या अवधीत भिंतीवरच्या बटणाजवळची खुर्ची आजोबांना देऊ नये.