टेबल उडवते ते ठीक, पण एवढं रागवायचं?

स्टीफन किंगची 'कॅरी' १९७४ च्या एप्रिलमध्ये बाजारात आली. पन्नाशी उलटली तरी या कादंबरीबद्दल वाचकांचं म्हणणं काही संपत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं चेंबरलेन नावाचं काल्पनिक गाव, तिथली शाळकरी कॅरी व्हाइट आणि तिची हात न लावता वस्तू हलवण्याची शक्ती. शाळेच्या न्हाणीघरात तिला पहिल्यांदा पाळी येते. धर्मवेड्या आईने याबद्दल अवाक्षर काढलेलं नसतं, त्यामुळे पोरीला वाटतं आपण मरतोय. वर्गातल्या मुली तिला सावरायचं सोडून पॅड आणि टॅम्पॉन फेकून मारतात. पुढे शाळेच्या नाचाच्या समारंभात भर मंचावर तिच्या डोक्यावर डुकराचं रक्त ओततात. मग ती शाळा जाळते, रस्त्यावरचे अग्निशमनाचे नळ मनानेच सोडते, पेट्रोलपंप उडवते आणि निम्मं गाव बेचिराख करते.

यातल्या नुसत्या मनाने पेट्रोलपंप उडवण्याला कुणाचीही हरकत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. वाचक तेवढा समंजस आहे. सायन्स फिक्शन म्हटलं की असं चालायचंच! हरकत आहे ती एवढ्याचीच, की तिने इतकं रागवायला हवं होतं का?

हा प्रश्न विचारणारा वाचक सहसा मध्यमवयीन असतो, आवाज न चढवता बोलतो आणि 'प्रमाण' हा शब्द त्याच्या फार आवडीचा असतो. छळ झाला हे त्याला मान्य आहे. पण छळणाऱ्या मुली चार-पाच, मग अख्ख्या गावाला शिक्षा का? कॅरीने आधी दोषींची यादी करायला हवी होती, ती वर्गशिक्षिकेला दाखवायची, मुख्याध्यापकांची सही घ्यायची आणि मगच आग लावायची. अडचण एवढीच की त्या मुख्याध्यापकांना तिचं नावच माहीत नाही. १९७६ च्या ब्रायन डी पाल्माच्या चित्रपटात हे गृहस्थ तिला समोर बसवून सहानुभूती दाखवतात आणि दर वाक्याला 'कॅसी' म्हणतात. ती एकदा ऐकून घेते, दोनदा ऐकून घेते. मग त्यांच्या टेबलावरचा अ‍ॅशट्रे आपोआप उडून खाली आपटतो. अर्ज कुणाकडे करायचा ते आता त्या वाचकानेच सांगावं.

दुसरे आहेत पदार्थविज्ञानवाले. कॅरी पलंग उचलते तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचं काय होतं, ही ऊर्जा येते कुठून, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि किंगनेही थोडी तजवीज करून ठेवली आहे. खोलीत बसून केसांचा ब्रश, मग पलंग असा सराव करताना पोरीचं काळीज धडधडतं, दम लागतो. वर जनुकाचाही खुलासा आहे. हिमोफिलिया जसा पुरुषांत दिसतो, तसं हे उलटं, बायकांतच प्रकट होणारं. 'बायकांतच' वाचल्याबरोबर काही वाचकांची मान जी डोलू लागते, ती पुस्तक संपेपर्यंत थांबत नाही. राग बायकांत आनुवंशिक असतो हे त्यांना घरबसल्या माहीत होतंच, आता अमेरिकेतून पुरावा आला.

हेच वाचक खऱ्या माणसांच्या बाबतीत इतके काटेकोर नसतात. चमचे वाकवणारा उरी गेलर १९७३ साली जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात मांडलेल्या वस्तूंसमोर नुसता बसून राहिला. काही वाकलं नाही, काही हललं नाही, आणि त्याची लोकप्रियताही तसूभर हलली नाही. आपल्याकडे चमत्कार सिद्ध करणाऱ्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २१ लाखांचं बक्षीस लावलं, ते न्यायला कुणी फिरकलं नाही. बाबांच्या मांडवातली गर्दी मात्र कमी झाली नाही. तिथे न्यूटन कुणाला आठवत नाही. न्यूटन आठवायला समोर मुलगी लागते, तीही रागावलेली.

आईचा मुद्दा आपल्याकडच्या वाचकाला जास्त झोंबतो. मार्गारेट व्हाइट मुलीला अंधाऱ्या कपाटात कोंडून प्रार्थना करायला लावते हे तो वाचतो, वाईट वाटून घेतो आणि शेवटी म्हणतो, 'आई ती आई.' कादंबरीत कॅरी आईचं हृदय मनानेच थांबवते, ते त्याला अतिशय लागतं. त्याच्या आधी आईनेच तिला सुरा खुपसलेला असतो, ते पान बहुधा त्याच्या प्रतीत चिकटलेलं असावं.

आता सिनेमावाल्यांचं मत. पुस्तकातली कॅरी जाडसर आहे, तिच्या मानेवर, पाठीवर पुटकुळ्या आहेत. ती दिसायला बरी नाही हे किंग पुन्हा पुन्हा सांगतो, कारण सगळ्यांनी तिला लाथाडण्याचं ते एक कारणच आहे. पडद्यावर मात्र १९७६ साली आली सडपातळ, निळ्या डोळ्यांची सिसी स्पेसेक आणि २०१३ साली गोड चेहऱ्याची क्लोई ग्रेस मोरेट्झ. स्पेसेकने काम इतकं उत्तम केलं की ऑस्करचं नामांकन मिळालं, त्याबद्दल वाद नाही. पण हिशेब लक्षात घ्या. मुलगी सुऱ्या हवेत उडवते, हे प्रेक्षकांना पटेल अशी हॉलिवूडला खात्री होती. नायिकेच्या पाठीवर पुटकुळ्या आहेत, हे पटवण्याची हिंमत झाली नाही. कल्पनाशक्तीला मर्यादा असतात म्हणतात, त्या नेमक्या कुठे असतात ते इथे कळतं.

न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी मात्र घोळ घातला नाही. १९८८ साली ब्रॉडवेवर कॅरीची संगीतिका आली. आपण 'संगीत कॅरी' म्हणू. लाखो डॉलर ओतलेलं हे प्रकरण रीतसर उद्घाटनानंतर ५ प्रयोगांत गुंडाळलं गेलं.

पण कॅरीवर पहिली नापसंती नोंदवली ती खुद्द किंगने. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या या कफल्लक मास्तराने तीन पानं लिहिली, ती त्याला आवडली नाहीत, त्याने चोळामोळा करून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. बायको टॅबिथाने ती उचलली, राख झटकली, वाचली आणि पुढे काय होतं ते लिही म्हणाली. मुलींच्या जगातलं तुला कळत नसेल तर मी सांगते, असंही म्हणाली. डबलडे प्रकाशनाने २,५०० डॉलर आगाऊ दिले. घरचा फोन पैशाअभावी तोडलेला असल्यामुळे ही बातमी तारेने कळवावी लागली. पुढे पेपरबॅकचे हक्क ४ लाख डॉलरना गेले, त्यातले निम्मे किंगचे. एवढं होऊनही आपल्याला कॅरी कधी आवडली नाही, असं त्याने 'ऑन रायटिंग'मध्ये लिहून ठेवलं आहे. जिच्या जिवावर घर उभं राहिलं, तिच्याबद्दल हे मत! सामान्य वाचकाला मग काय बोल लावायचा?

आणि गंमत ही की आपण सगळे जे आज करतोय, ते किंगने पुस्तकातच करून ठेवलं आहे. कादंबरीचा मोठा भाग म्हणजे कॅरी मेल्यावर इतरांनी दिलेली मतं. वर्तमानपत्रातल्या बातम्या, प्राध्यापकाचा जाडजूड ग्रंथ, वाचलेल्या वर्गमैत्रिणीचं आत्मकथन. शिवाय चौकशी आयोग बसतो, साक्षी घेतो, साक्षीदारांनाच फैलावर घेतो. कॅरीला एकेकाळी हाक मारायला ज्यांना वेळ नव्हता, ते सगळे आता तिचे तज्ज्ञ. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट हीच आहे, पेट्रोलपंप नंतर. धारपांच्या भयकथांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला भुतांपेक्षा आयोगाची भीती जास्त वाटावी.

असं पुन्हा घडण्याची शक्यता नाही, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. त्याच्या पाठोपाठ येतं ते टेनेसीतल्या एका बाईचं आपल्या बहिणीला लिहिलेलं पत्र: धाकटी पोर गोट्या खेळते, हात न लावता.

तेव्हा वाचकहो, मतं जरूर कळवा. फक्त मुलीचं नाव आधी नीट विचारून घ्या.