सोपं करून देतो!

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर ‘जरा सोपं’ करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा जुनी स्क्रीन बघून मला घामच फुटला. ठेव, पिग्मी, कर्जाचा हप्ता, व्हाउचर, किर्द, खतावणी, तेरीज, सगळी बटणं सत्यनारायणाच्या प्रसादाला जमल्यासारखी एकाच खोलीत दाटीवाटीनं बसलेली. मी सगळ्यांना उचलून कोपऱ्यातल्या तीन रेघांमागे कोंबलं. या तीन रेघा नॉर्म कॉक्स यांनी १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढल्या, पण त्यांच्यामागे अख्खी पतसंस्था बसवण्याचा मान माझा. स्क्रीनवर उरली सर्चची चौकट आणि भोवती शुभ्र मोकळी जागा. बायकोला दाखवली. “छान आहे. काम कुठे करायचं?” म्हणाली. बाहेरच्या माणसाला यातलं काय कळणार!

काउंटरवरच्या काकू जुन्या स्क्रीनकडे बघतसुद्धा नसत. एफ-फोर, खातेक्रमांक, एंटर, एंटर, पावती. मध्येच पिग्मी एजंटला सुट्ट्या पैशांवरून झापायच्या, तरी बोटं चालूच. माझ्या सोप्या स्क्रीनवर त्याच पावतीसाठी आधी तीन रेघा, मग ‘व्यवहार’, मग ‘इतर’, मग खाली सरकवा, मग ‘तुम्हाला नक्की करायचं आहे ना?’ असं मी मोठ्या आपुलकीनं विचारलेलं, आणि तोवर रांग जिन्यापर्यंत जाऊन तिथल्या आजोबांनी ‘हे कुणी केलं’ याची चौकशी सुरू केलेली. पुढच्या खेपेला गेलो तर माझ्या शुभ्र स्क्रीनच्या चारही कडांना पिवळ्या चिठ्ठ्या: ‘तेरीज – रेघा, चक्र, खाली, अजून खाली’. मी आत लपवलेली बटणं काकूंनी बॉलपेननं बाहेर काढली होती.

लॅरी टेस्लर, तोच कट-कॉपी-पेस्टवाला, ऐंशीच्या दशकातच सांगून गेला की कामातली गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे संपत नाही. ती सॉफ्टवेअरनं सोसायची की माणसानं, एवढंच आपल्या हातात. मायक्रोसॉफ्टनंही ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणाऱ्या कमांड मेनूत लपवून पाहिल्या आणि २००७ मध्ये रिबन आणून मांडणीच बदलली. हे सगळं मला ठाऊक होतं. यावर मी भाषणं देतो.

मग व्याजदर, मुदत, तारीख सॉफ्टवेअरनंच आधी भरायची, रोजची कामं समोर आणायची, मार्चअखेरीस लागणारी तेवढी आत ठेवायची आणि एफ-फोरला हात लावायचा नाही, असं ठरलं. काकूंनी पहिली पावती काढली, माझ्याकडे न बघता.

“हां, आता कसं! अगदी पूर्वीसारखं.”

बिलात मी ‘संपूर्ण नवी रचना’ असंच लिहिलं.